व्हॅलेन्सियाचं पाणी

बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, त्यातली बहुतेक धुळे जिल्ह्यात, कालव्याच्या कडेनं मोटारसायकल हाकत. त्यामुळे मुलीनं स्पेनमधून फोनवर "बाबा, मार्चमध्ये व्हॅलेन्सियाला या, समुद्र आहे, फायासचा सण आहे, नदीच्या पात्रात नऊ किलोमीटरची बाग आहे" असं सांगितलं, तेव्हा समुद्र आणि सण दोन्ही माझ्या कानावरून गेले. नदीच्या पात्रात बाग? मग नदी कुठं आहे?

"हलवली."

"म्हणजे?"

"गावाबाहेर नेऊन टाकली. आता या आणि बघा."

व्हिसाबद्दल फार लिहीत नाही. पासबुकं, पेन्शनचे कागद, तीस हजार युरोचा विमा, मुंबईला जाऊन बोटांचे ठसे. आयुष्यभर शेतकऱ्यांकडून सातबारा आणि दाखले मागितले, त्याची व्याजासकट परतफेड झाली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं व्हॅलेन्सियाला उतरलो. बायकोच्या पिशवीत मेतकूट, कळण्याचं पीठ आणि मुलीनं पाठवलेली बघायच्या ठिकाणांची यादी होती. माझ्याकडे एक वही.

पहिल्या दिवशी पहाटे चारलाच जाग आली. उजाडल्यावर एका पुलाशेजारच्या पायऱ्या उतरून सरळ तुरिया नदीत उतरलो. चपला कोरड्याच राहिल्या. वर सोळाव्या शतकातला दगडी पूल, खाली पळणारी माणसं, सायकली, संत्र्याची झाडं, फुटबॉलची मैदानं. पुलाच्या कमानी, पाणी कापण्यासाठी खांबांना काढलेली टोकं, दोन्ही काठांच्या उंच भिंती, सगळं जागच्या जागी. जत्रा उठून गेली आणि मांडव तसाच राहिला, तसं ते दिसत होतं.

त्यामागची गोष्ट मुलीनं बाकावर बसून सांगितली. १४ ऑक्टोबर १९५७ ला तुरियाला पूर आला. एकाच दिवसात दोन लोंढे, दुसरा पहिल्याहून मोठा. ऐंशीहून जास्त माणसं गेली. पुराचा जोर सेकंदाला ३,७०० घनमीटर धरतात. मी वहीत लगेच आपल्या हिशोबात केलं : एक लाख तीस हजार क्युसेक, आणि तेही शहराच्या मधोमध. त्यानंतर सरकारनं ठरवलं की नदीच शहराच्या दक्षिणेला न्यायची. सुमारे बारा किलोमीटरचं नवं पात्र खणलं, सेकंदाला ५,००० घनमीटर वाहून नेईल असं, आणि १९६९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आमच्याकडे १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा पुण्यानं नदी हलवली नाही, माणसं हलवली. दोन्ही उपाय इंजिनियरच सुचवतात.

जुन्या कोरड्या पात्रातून सरकारला मोठा हमरस्ता काढायचा होता. लोक अडून बसले. 'पात्र आमचं आहे आणि ते आम्हाला हिरवं हवंय' अशी त्यांची घोषणा होती. १९७६ मध्ये राजानं ते पात्र शहराला देऊन टाकलं आणि १९८० च्या दशकात तिथं बाग उभी राहू लागली. आज त्या बागेवर अठरा पूल आहेत, खाली नदी नसलेले.

मी नवं पात्र बघायचा हट्ट धरला. "बाबा, तिथं काही नाही हो, सिमेंट आहे," असं मुलगी दोनदा म्हणाली, तरी घेऊन गेली. खरंच सिमेंट होतं, आणि मधून पाण्याची एक ओळ. पण त्या पात्रावर एक पादचारी पूल आहे, पलीकडं ला तोर्रे नावाची वस्ती. २९ ऑक्टोबर २०२४ ला डोंगराकडं तुरीस गावात एका तासात १८४.६ मिलिमीटर पाऊस पडला. एका तासात! आमच्या साक्रीत काही वर्षी सबंध जुलैतही तेवढा पडत नाही. नव्या पात्रानं आपलं काम केलं आणि जुनं शहर कोरडं राहिलं. पण दक्षिणेकडच्या गावांमधून एक वेगळाच ओढा वाहतो, एरवी कोरडाठाक, आणि त्यानंच ती गावं बुडवली. प्रांतात दोनशे वीसहून अधिक माणसं मेली. मोबाईलवर इशारा आला तो रात्री आठ वाजून अकरा मिनिटांनी, तोवर लोक पाण्यात होते. नंतरच्या दिवसांत शहरातले हजारो लोक फावडी, झाडू, बादल्या घेऊन याच पुलावरून चिखल काढायला पलीकडं गेले. मुलगीही गेली होती. आम्हाला तिनं तेव्हा फोनवर "इकडं सगळं ठीक आहे" एवढंच सांगितलं होतं. तिच्या आईला हे त्या पुलावर पहिल्यांदा कळलं. परतीच्या बसमध्ये दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

मग दोन दिवस मी शहाण्यासारखा यादीप्रमाणे फिरलो. नदीच्या जुन्या तोंडाकडं कला आणि विज्ञान नगरी आहे, पांढऱ्या हाडांच्या सापळ्यासारख्या प्रचंड इमारती, त्यांच्याभोवती उथळ निळं पाणी. तिथल्या ऑपेराच्या छताला बसवलेल्या टाइल्सच्या कपच्या काही वर्षांतच सुटून पडायला लागल्या आणि सगळ्या काढाव्या लागल्या, हे ऐकून ठेकेदारी सगळीकडं सारखीच असा माझा शेरा झाला आणि "तुम्ही गप्प बघा" असा बायकोचा. तिला मत्स्यालय फार आवडलं, तिथला पांढरा बेलुगा मासा तर तिनं अर्धा तास बघितला. 'मासा नाही, देवमासा' ही दुरुस्तीही तिचीच.

रेशीमबाजाराच्या जुन्या इमारतीत, ला लोन्खात, मी मात्र आपणहून थांबलो. १४८२ मध्ये बांधकाम सुरू झालेलं. आतले खांब दोर पिळावा तसे पिळलेले, वर जाऊन माडासारखे फुटलेले. भिंतीवर सभोवार लॅटिनमध्ये कोरलंय, त्याचा सारांश असा : जो व्यापारी बोलण्यात फसवत नाही, शेजाऱ्याला दिलेला शब्द पाळतो आणि व्याजानं पैसे देत नाही, तो श्रीमंत होईल आणि वर मोक्षही मिळवेल. आमच्या बाजार समितीत हे कोरायला हवं, पण भिंतीला जागा शिल्लक नाही, सगळीकडं संचालकांचे फोटो आहेत.

समोरच मध्यवर्ती बाजार, १९२८ चा, लोखंड आणि रंगीत काचांचा. बायकोनं तिथं आर्टिचोकला "हे कमळाचं बोंड कसं शिजवायचं" असं मराठीत विचारलं आणि भाजीवालीनं व्हॅलेन्सियनमध्ये उत्तर दिलं. दोघींचं समाधान झालं.

आता माझी फजिती. शहराच्या उत्तरेला लागूनच आल्बोराया गाव आहे. तिथलं पेय ओर्चाता, ते चुफाच्या गाठींपासून करतात. चुफा म्हणजे काय हे कळल्यावर मी हसतच सुटलो. तो लव्हाळ्याचा, नागरमोथ्याचा सख्खा भाऊ. ज्या लव्हाळ्याच्या गाठी उपटता उपटता आमच्या शेतकऱ्याची कंबर मोडते, त्याच्या भावाची हे लोक शेती करतात, गाठी भिजवून वाटतात, गाळतात, साखर घालून थंडगार पितात. चव दुधासारखी, थोडी मातकट. फार्तोन नावाचा लांब गोड पाव त्यात बुडवून खायचा. मी दोन पेले प्यालो.

पिऊन आम्ही शेतातून चालत निघालो. सपाट काळी जमीन, कांदा, आर्टिचोक, आणि बांधाबांधानं वाहणारे पाट. इथं पाटाला सेकिया म्हणतात, मूळ अरबी शब्द साकिया. गझलेतला पेला भरणारा साकी त्याच घराण्यातला. तेराव्या शतकात अरबांची सत्ता गेली, पाट आणि त्यांची नावं राहिली. एका वळणावर मोठ्या पाटातून लहान चारी फुटत होती आणि तिच्या तोंडाला खाचेत बसवलेली लाकडी फळी होती. हुबेहूब आमच्याकडच्यासारखी. मी वाकून बघायला गेलो. फळी थोडी वर उचलून खाच किती खोल आहे ते बघावं म्हटलं, आणि पाय घसरून कमरेएवढ्या चारीत जाऊन बसलो.

पलीकडच्या शेतातून सत्तरीचा एक म्हातारा ओरडतच आला. मला वाटलं, काळजीनं ओरडतोय. तो आधी फळीकडं गेला, ती खाली दाबून पक्की केली, मग मला हात दिला. मुलगी लाल झाली होती. "बाबा, ते म्हणतायत, त्यांची पाळी उद्या आहे. आज पाणी खालच्या शेताचं आहे. तुम्ही फळी उचलली असती तर ते चोर ठरले असते."

पाळी! बत्तीस वर्षं हाच शब्द माझ्या कानात होता. मी चिखलात उभा राहून त्याला हातवाऱ्यांनी सांगायला लागलो की मीही हेच काम करायचो. मुलीनं भाषांतर केलं. म्हाताऱ्यानं मला खालून वर बघितलं आणि काहीतरी बोलला. ते तिनं लगेच सांगितलं नाही, रात्री जेवताना सांगितलं : "मग पाण्यात कसं उतरायचं हे याला कुणी शिकवलं नाही का?"

गुरुवारी दुपारी बाराला आम्ही कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारापुढं उभे होतो. तिथं दर गुरुवारी पाण्याचं न्यायालय भरतं. हजार वर्षांची परंपरा म्हणतात, २००९ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. लोखंडी कुंपणाच्या गोल रिंगणात आठ खुर्च्या मांडल्या होत्या, प्रत्येकीवर एका पाटाचं नाव. बाराचे ठोके पडले तसे काळे झगे घातलेले आठ जण येऊन बसले. हे वकील नव्हेत, त्या त्या पाटाच्या शेतकऱ्यांनी आपल्यातूनच निवडून दिलेले शेतकरी. शिपायानं एकेक नाव पुकारलं : कुआर्त, तोर्मोस, मिसलाता, मेस्ताल्या, फावारा, रास्कान्या... त्या पाटावर कुणावर तक्रार आहे का? कुणीच पुढं आलं नाही. सगळे उठले, गेले. पाच मिनिटंही झाली नसतील. भोवती शंभर-दोनशे पर्यटक मोबाईल उंचावून उभे, आणि एकमेकांना विचारतायत, संपलं?

मला मात्र घाम फुटला होता. रास्कान्या म्हणजे ज्याचं पाणी आल्बोरायाला जातं तोच पाट. त्या म्हाताऱ्यानं मनात आणलं असतं तर आज त्या नावाला माझी हाक पडली असती.

तक्रार असली तर काय होतं, ते शेजारी उभ्या असलेल्या एका मार्गदर्शिकेकडून ऐकलं. सगळं तोंडी. वकील नाही, कागद नाही, अपील नाही. कुणी बोलायचं हे अध्यक्ष पायाच्या इशाऱ्यानं दाखवतो. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट : आरोपी नदीच्या एका काठचा असेल तर निकाल दुसऱ्या काठचे लोक ठरवतात. पाणी जमिनीला बांधलेलं, जमिनीशिवाय विकता येत नाही. दुष्काळात सगळ्यांचं पाणी त्याच प्रमाणात कमी होतं.

हे ऐकताना मी मनानं आमच्या धुळ्याच्या पांझरा नदीकाठी होतो. साक्री तालुक्यात फड पद्धत आहे, तीन-चारशे वर्षांची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असलं की कोणते फड भिजवायचे आणि कोणते कोरडे ठेवायचे ते गाव बसून ठरवायचं. पाणी शेतकरी स्वतः घेत नाही, पाटकरी देतो. साक्रीच्या एका म्हाताऱ्या पाटकऱ्यानं नोकरीच्या पहिल्या वर्षी मला सांगितलं होतं, "साहेब, तुमच्या दफ्तरात पाणी नाही, आमच्या तोंडात आहे." तेव्हा मला ते उद्धट वाटलं होतं. वरती धरणं झाली, विहिरी झाल्या, आणि बऱ्याच गावांत फड मोडले. त्यातल्या काहींच्या फायलींवर माझीही सही असेल. बायकोनं विचारलं, "डोळ्यांत काय गेलं?" म्हटलं, ऊन.

रविवारी दक्षिणेला अल्बुफेरा सरोवराकडं गेलो. वीस चौरस किलोमीटरहून मोठं, पण खोली जेमतेम मीटरभर. सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचा पट्टा, आणि त्यातून काढलेल्या वाटांना दारं. ही दारं उघडून-मिटून सरोवराची पातळी भाताच्या हंगामाप्रमाणे ठेवतात. हिवाळ्यात खाचरं पाण्याखाली, मार्चमध्ये कोरडी नांगरलेली, पेरणी मे महिन्यात. नावाडी सूर्यास्त दाखवत होता, मी दारं.

तिथल्याच एल पाल्मार गावात पायेया खाल्ली. हे नाव मुळात त्या पसरट तव्याचं, भाताचं नव्हे. अस्सल व्हॅलेन्सियाच्या पायेयात मासे नसतात, कोंबडी आणि ससा असतो, रुंद हिरव्या शेंगा, पावट्यासारखे मोठे पांढरे दाणे, केशर. तांदूळ एकदा पसरला की ढवळायचा नाही. शेवटी तळाशी जो खरपूस थर धरतो, त्याला सोकार्रात म्हणतात आणि त्यासाठी टेबलावर चमच्यांची लढाई होते. आमच्याकडं त्याला खरवड म्हणतात आणि ती भांडी घासणाऱ्याच्या वाट्याला येते. बायकोनं ससा नको म्हणून भाज्यांची मागवली, दोन घास खाल्ले, मग पिशवीतून लसणाच्या तिखटाची पुडी काढली. वाढप्यानं बघितलं आणि सभ्यपणे तोंड फिरवलं.

आता फायास. थोडक्यात सांगायचं तर गणेशोत्सवातल्यासारखी मंडळं, वर्गणी, मांडव, बँड. शहरात अशी जवळजवळ चारशे मंडळं. वर्षभर पैसे जमवून चौकाचौकात दोन-तीन मजली, काही चार-पाच मजलीही, देखावे उभे करतात, एका देखाव्याला फाया म्हणतात, लाकडाचा सांगाडा, वर पुठ्ठा आणि थर्माकोल. देखावे देवाचे नव्हेत, टवाळीचे : पुढारी, बँका, शेजारी, सगळ्यांची. १९ मार्चच्या रात्री सगळं जाळायचं. सुतारांच्या संताचा हा दिवस, आणि हिवाळा संपला म्हणून सुतार दिवे टांगायची जुनी लाकडं जाळायचे त्यातून हे आलं, असं सांगतात. लोकांच्या मतानं एक पुतळा दरवर्षी जाळण्यातून सुटतो, १९३४ पासून, आणि संग्रहालयात जातो.

१ ते १९ मार्च, रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात मास्क्लेता होते. दिवसाढवळ्या फटाके, म्हणजे बघायला काही नाही, फक्त आवाज. मुलीनं बजावलं, "तोंड उघडं ठेवा, कान फुटत नाहीत." बायकोनं कानात कापूस घातला. सज्जातून उत्सवाची मानकरी मुलगी रेशमी पोशाखात पुढं आली आणि ओरडली, "दारूकाम करणारे महाराज, आता सुरू करा!" कालव्याच्या खोदाईत मी शेकडो सुरुंग ऐकलेत. सुरुंगाला ताल नसतो. इथं आधी तुरळक टपटप, मग सर, मग मुसळधार, आणि शेवटी ते ज्याला भूकंप म्हणतात तो भाग, ज्यात आवाज कानांत येतच नाही, पायांतून वर छातीत चढतो. सहा-सात मिनिटांत संपलं. शेजारचा एक आजोबा रडत होता. बायको कापूस काढून म्हणाली, "उद्या पण येऊ."

आमच्या गल्लीच्या फायात एक म्हातारी होती, खिडकीत बसलेली, तिच्या दारातून चाकांच्या बॅगांची रांग आत शिरतेय आणि ती एकेक करून आपली भांडी बाहेर देतेय. शहरात घरं पर्यटकांना भाड्यानं द्यायची लाट आलीय, त्यावरची टवाळी. आम्ही पर्यटकच होतो, तरी बायको रोज येता-जाता त्या म्हातारीला नमस्कार करायची. एकोणीस तारखेला म्हणाली, "हिला नाही सोडवता येणार?"

रात्री दहानंतर गल्लीत गर्दी दाटली. आधी अग्निशमन दलाचे लोक आले. मी त्यांच्यामागंच उभा राहिलो. त्यांनी आग लागण्याआधीच दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या भिंती, सज्जे, खिडक्यांच्या झडपा ओल्या केल्या, सावकाश, वरून खाली, शेत भिजवावं तसं. मग दारूच्या माळेला काडी लागली. म्हातारी पाच मिनिटंही टिकली नाही. थर्माकोलचा धूर काळाकुट्ट, घशात बसणारा. मंडळाच्या मुली त्यांच्या हजारो युरोंच्या पोशाखात एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि बँड वाजत होता. पाण्याची धार आता आमच्या समोरच्या भिंतीवर, तिच्या उडालेल्या थेंबांनी सगळे ओले. माझ्या चष्म्यावर राख आणि पाणी एकत्र बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खाली उतरलो. चौक रिकामा. डांबरावर काळा गोल डाग, आणि महापालिकेची पाण्याची गाडी तो धुवत चाललेली. राखेचं पाणी रस्त्याच्या कडेनं वाहत जाऊन एका जाळीत शिरत होतं. मी त्याच्याबरोबर पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेलो, तिथून पुढच्या.

मुलगी बॅगा घेऊन दारात उभी होती. "बाबा, विमानतळाची गाडी आलीय."

"हे पाणी कुठं जातं गं?"

"बाबा. आता नको."